कबरीला ऐकवलेला आवाज

माझी पत्नी सत्यभामा गेली त्याला सोळा दिवस झाले होते, आणि तिच्या शेळीनं, कबरीनं, चार दिवसांपासून पाल्याला तोंड लावलं नव्हतं. गुरांचे डॉक्टर तपासून गेले. आजार काही नाही म्हणाले, पण आज-उद्या खाल्लं नाही तर कठीण आहे.

शेजारची काजल सहावीत आहे. मला शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी ती रोज विज्ञानाची वही घेऊन येते. पेपरात आलेलं मी तिला वाचून दाखवलं : शेळ्या ओळखीच्या माणसाचा आवाज ओळखतात, आणि आवाज ऐकला की त्याच माणसाचा चेहरा दिसेल अशी त्यांची अपेक्षा असते.

"मंग आजीचा आवाज ऐकवा न तिले!"

आवाज माझ्या फोनमध्ये होता. दिवाळीत लेकीकडे नांदुऱ्याला गेली असताना सत्यभामानं खास कबरीसाठी पाठवलेला. काजलनं वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे घातले. मी बटण दाबलं.

"कबरे, ये वं माय! मास्तरायनं पाला टाकला काय, का पेपरच वाचून राह्यले?"

कबरी ताडकन उठली. फोनकडे तिनं पाहिलंच नाही. थेट घरात शिरली, चुलीपाशी गेली, न्हाणीत डोकावली, आणि परत येऊन उंबऱ्यात रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. उभीच राहिली.

"जमलं गुरुजी! अजून एकदा लावा न."

"नको बाई."

ती चेहऱ्याची वाट पाहणार, हे मीच आत्ता वाचून दाखवलं होतं. वाचलं, पण कळलं नव्हतं.

सुबाभळीची डहाळी घेऊन मी सत्यभामाच्या जागी, उंबऱ्याशी बसलो. "कबरे, ये."

काजलला हसू आलं. "हजेरी घेऊन राह्यले काय? अन् तुमी तरी कुठं जेवले? मायनं देल्ला डबा तसाच हाये."

माझे मेहकरचे डॉक्टरही मागच्या आठवड्यात हेच म्हणाले होते. एकटेपणाचा हृदयावर परिणाम होतो, असं आता संशोधनातून दिसलंय. वेळेवर जेवा, गुरुजी.

डबा उघडला. थंड भाकरीचा घास घेतला आणि डहाळी कबरीपुढे धरली. दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला कबरीनं एक पान ओढलं. थोड्या वेळानं आणखी एक.

"अनुमान काय लिहू?" काजलनं विचारलं.

"आज निरीक्षणापर्यंतच लिही."

कबरी चावत होती, पण तिची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. मीही तिकडेच पाहत जेवत राहिलो.