तेल न लावलेली सुरी

मी फणस कापायची सुरी बोलतेय. जरा हळूच बोलते. मिरवण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही, लपवण्यासारखंच जास्त आहे.

लोहाराने मला ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून घडवलं. रुंद पातं, जाड पाठ, लाकडी मूठ. स्वयंपाकघरातल्या नाजूक सुऱ्या मला बघून नाकं मुरडायच्या. मुरडोत बापड्या. फणसापुढे त्यांचं काही चालत नाही.

माझी पहिली मालकीण कामगाराची बायको. कारखाना बंद पडला त्या वर्षी तिचं घर शेजारच्या फणसाच्या झाडावर जगलं. कोवळा फणस भाजीला, पिकलेले गरे नुसते, उरलेले गरे वाळवून डब्यात. आठळ्या उकडून, भाजून, आणि घरातलं पीठ संपलं की दळूनसुद्धा. साल तेवढी शेजारच्या गाईला.

कापण्याआधी ती मला आणि स्वतःच्या हातांना तेल चोपडायची, म्हणजे चीक चिकटत नाही. पण एका सकाळी बाटलीत तेलाचा थेंब नव्हता. शाळेला निघालेला तिचा मुलगा म्हणाला, "दे आई, मी कापतो." चिकाने बरबटलेली मी त्याच्या हातातून निसटले आणि त्याच्या सदऱ्यावर आडवी पडले. सदरा एकच होता. घासून घासून आईचे हात सोलले, पण डाग काही निघाला नाही. उलट दिवसेंदिवस काळा पडत गेला. वर्गात त्याचं नाव पडलं चिकट्या. शाळा सुटेपर्यंत ते नाव त्याला चिकटून राहिलं, आणि ते माझ्यामुळे. आजही आठवलं की मान वर होत नाही.

तो मुलगा पुढे टेलर झाला. त्याच्या अंगावर कुणी कधी डाग पाहिला नाही. फणस घरात आणायचा नाही, असा त्याचा दंडक. पण आईची वस्तू म्हणून मला टाकून देणं त्याला जमेना, तेव्हा फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी ढकललं. मला वाटलं, बरंच झालं.

परवापर्यंत मी तिथेच होते. टेलरबाबा आता म्हातारे झालेत. हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. माणूस खवय्या. ताटाकडे बघून म्हणायचे, "हे काय, गवत?" आणि हात धुवायचे. महिनाभरात त्यांना स्वतःचीच पँट दोनदा आत घ्यावी लागली. लेकीचा जीव तीळ तीळ तुटत होता.

तिला फळवाल्याने सांगितलं, "ताई, कोवळा फणस मसाल्यात परता. मटण नाही म्हणून ओळखणारा अजून जन्माला यायचाय."

लेकीने पेटी उपसून मला बाहेर काढलं. तेलाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चीक माझ्या पात्याला, तिच्या बोटांना, बाहीला. बाबांची चाहूल लागताच तिने मला तशीच पिठाच्या डब्यामागे सारली.

बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले. मग डोळे पुसत म्हणाले, "माझ्यासाठी चोरून मटण आणलंस ना? डॉक्टरला नाही हं सांगणार मी."

लेकीला वर बघवेना. डब्यामागे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा या माणसाचं हसं केलं होतं, आता त्याला फसवायलाही मीच.

ताट उचलताना बाबांनी तिची बाही धरली. "हा डाग कसला?"

"चहाचा."

"चहाचा डाग ताठ होत नाही." जन्मभर कापड हाताळलेला माणूस तो. बाही सोडून ते ओट्यापाशी आले, चिकाचे ठसे डब्याकडे गेलेले बघून मागे हात घातला. मी बाहेर आले, चिकाने बरबटलेली, त्यांच्या आईच्या हाताने झिजलेली मूठ घेऊन.

"बाबा, खोटं बोलले मी," लेक म्हणाली. "तुम्ही जेवतच नव्हता."

बाबांनी मला ओट्यावर ठेवलं. मग तेलाची बाटली घेतली, तिचे हात पुढे ओढले आणि एकेक बोट चोळून चीक काढायला लागले.

"तेल लावल्याशिवाय कापतात का कोणी, वेडे? मीही खोटं बोललोय. शाळेत सगळ्यांना सांगायचो, आमच्या घरी फणस खातच नाहीत. आणि माझ्या डब्यात मात्र आठळ्या." मग कढईकडे बघत म्हणाले, "उरलाय का?"

"काय?"

"फणस."

चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता.

तुम्हीही फणस कापाल तेव्हा आधी सुरीला तेल लावा, आणि खाल तेव्हा फणसाचं नाव घेऊन खा. माझं एवढंच मागणं आहे. त्यांची माफी मागायला मात्र मला तोंड नाही.

त्यांनी मला तेलाने घासलं. पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही, तेव्हा स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसलं.

"बाबा, सदरा!"

"असू दे," ते म्हणाले. "तू वाढ."