बनाबाईंची म्हैस माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि जाळीच्या आतून बोलतो आहे. बारामती एमआयडीसीच्या रस्त्याला इकबालभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. त्याच्या कोपऱ्यात उंदरांसाठी जाळी ठोकली आहे. उंदीर बाहेर, मी आत. जाळीला कुलूप.

पूर्वी मी शाळेत होतो. मुलं माझ्यावर चित्रं काढत. मग भंगार. तिथून इकबालभाईंच्या मुलीनं, शबीनानं मला आणलं.

शबीना आणि तिचा सोबती सौरभ दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. ते कुणीही फुकट घ्यावं, आतलं वाचावं, बदल पाठवावा. बदल आला की मी आपोआप सगळं पुन्हा बांधतो आणि एकेक चाचणी घेतो. नीट असेल तर हिरवा, नाहीतर लाल. लाल असताना नवी आवृत्ती सोडायची नाही, हा शबीनाचा नियम. आणि ज्याची तक्रार, त्याच्या नावाची चाचणी, ही तिची रीत.

साखरबाईंची दोन खाती : पास
आबाजींचा ओला काटा : पास
बनाबाईंची म्हैस : पास

बनाबाई वालचंदनगरकडच्या. त्यांच्या म्हशीच्या दुधाचं फॅट आठच्या वर जायचं आणि ते चूक समजून दूध परत केलं जायचं. शबीनानं ते दुरुस्त केलं. तेव्हापासून ती म्हैस माझ्या पोटात. मी तिला पाहिलेलं नाही. दूधही पाहिलेलं नाही.

परवा कुणीतरी लांबून बदल पाठवला : फॅट आठच्या वर गेलं तर चूक धरा.

मी लाल.

शबीना मोरगावला गेली होती. संध्याकाळच्या संकलनाआधी नवी आवृत्ती देतो, असा शब्द सौरभ केंद्रांना देऊन बसला होता.

"बनाबाईनं म्हैस विकली की," तो म्हणाला. "मग ही चाचणी कशाला?"

"मला मोटारीचं इचार बाबा," इकबालभाई म्हणाले. सौरभनं ती चाचणी काढून टाकली.

साखरबाईंची दोन खाती : पास
आबाजींचा ओला काटा : पास

मी हिरवा. नवी आवृत्ती केंद्रांवर गेली. जे विचारलं नाही त्याचं उत्तर मला देता येत नाही. बाहेरच्या जाळीला निदान कुलूप तरी आहे, आतल्या चाचण्यांना तेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक किटली घेऊन आला. बनाबाईंची म्हैस त्यानंच विकत घेतली होती. मागोमाग बनाबाई.

"दूध माघारी आलं. हिला म्हैस माघारी घ्यायला सांगा. फसवलं हिनं मला."

"माझ्या म्हशीला खोटी म्हणतूस व्हय?" बनाबाई पुढे आल्या. "गावात तोंड कसं दावू मी?"

सौरभ म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हैस विकली, म्हणून मी तिची चाचणी काढली."

"दावण बदलली की दूध पातळ हुतंय व्हय रं?"

मोरगावहून परतलेल्या शबीनानं नवी आवृत्ती मागे घेतली. चाचणी परत घातली. मी लाल झालो.

"ह्याला काय झालं?" बनाबाईंनी विचारलं.

"तुमच्या बाजूनं बोलतोय तो," शबीना म्हणाली.

सौरभनं तो लांबून आलेला बदल काढला.

कुंडलिकनं किटली उचलली. "म्हैस ऱ्हाऊ दे. पर आता चाचणीला नाव माझं लावा."

"न्हाय," बनाबाई म्हणाल्या. "दूध तुझं, नाव माझं."

मित्रांनो, माझं कुलूप काढा असं मी म्हणत नाही. उंदीर आहेत. फक्त मी लाल झालो तर का ते आधी वाचा. माझा प्रश्न पुसून मला हिरवा करू नका.

बनाबाईंची म्हैस : पास