नाव घेतलेला तुकडा

"हं, शहरात नवीन काय, वहिनी?" अंगातला कोट उतरायच्या आधीच अर्गीरो विचारायची. दर वर्षी एकतीस डिसेंबरला ती बेटावरून बोटीनं अथेन्सला यायची, भावजयीकडे आठ दिवस ठाण मांडायची आणि वर्षभरात शहरानं काय काय दिवे लावले ते तिच्या तोंडून वदवून घ्यायची.

कालिरोई सांगायचीही मीठमसाला लावून. यंदा खालचा पावाचा कारखाना बंद झाला, तिथे आता कॉफी मिळते, पण बसायला खुर्ची मिळत नाही. दुसरा मजला अख्खा पर्यटकांना दिलाय, दिवसभर जिन्यात बॅगांच्या चाकांची खडखड. चौकात मेट्रोसाठी खणलंय आणि मातीखाली जुनी भिंत निघाली म्हणून काम थांबलंय.

"म्हणजे तुमच्या शहरात मेलेल्यांना आधी जागा, मग जिवंतांना," अर्गीरो म्हणाली. "बरं झालं मी मासे साफ करत बेटावरच राहिले ते."

सगळं सांगून झालं. एकच गोष्ट कालिरोईनं पोटात ठेवली होती, आणि तीच खरी बातमी होती. चौथ्या मजल्यावरचे अनेस्तिस, ट्रॉलीबसचे निवृत्त ड्रायव्हर, एप्रिलपासून रोज तिच्याकडे जेवत होते. येता ईस्टर झाला की दोघं लग्न करणार होती.

आता कालिरोईचं वय झालं चौसष्ट. या वयात लाजायचं कशाला, असं कुणीही म्हणेल. पण लाज नव्हतीच ती, भीती होती. नवरा फोटिस जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. आपलं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, ही नणंद. भावाच्या जागी दुसरा पुरुष आलेला ऐकून तिनं पाठ फिरवली तर? "सांगून टाक एकदाचं," अनेस्तिस म्हणाले होते. "ती गेल्यावर फोनवर सांगीन," म्हणत कालिरोईनं त्यांना आठ दिवस वरच थांबायला सांगितलं होतं. बिचारे त्या रात्रीपासून डाळीच्या सूपवर होते.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं! एक तारखेला सकाळी अर्गीरोनं स्वयंपाकघराच्या खिडकीचं शटर वर ओढलं आणि ते सरसर वर गेलं.

"अगं बाई. सहा वर्षं अडलेलं हे. कुणी दुरुस्त केलं?"

"इलेक्ट्रिशियननं."

"शटरला वीज कुठे असते गं?"

"आला होता दिव्यासाठी, जाता जाता केलं त्यानं."

"भला माणूस. आणि हा सोंगट्यांचा पटही जाता जाता विसरला वाटतं?" फ्रिजवरचा पट तिनं खाली काढला. "तुला तर फासे धरताही येत नव्हते. दादा शिकवून शिकवून थकला."

"एकटीच खेळते. वेळ जातो."

"मग हरतं कोण?"

कालिरोईनं मान खाली घातली आणि कांदा चिरायला घेतला. नणंद गालातल्या गालात हसत होती.

जेवणं झाल्यावर वासिलोपिता टेबलावर आली. नव्या वर्षाचा हा केक, पोटात नाणं दडवलेला. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष. कालिरोईनं सुरीच्या टोकानं वर तीनदा क्रूस काढला आणि एकेक नाव घेत कापू लागली.

"ख्रिस्ताचा. पानाइया मेरीमातेचा. घराचा."

घरानंतर घरच्या पुरुषाचं नाव. तेहतीस वर्षं तिथे "फोटिसचा" म्हणायची सवय. तो गेल्यापासून दर वर्षी याच जागी तिची जीभ अडखळायची, दात आवळून ती ते नाव गिळायची आणि थेट आपल्या नावावर यायची. यंदा जीभ अडखळलीच नाही.

"अनेस्तिसचा," ती म्हणाली, आणि तुकडा ताटलीत ठेवला.

मग तिच्या हातातली सुरी थांबली.

"हे कोण नवे संत?" अर्गीरोनं शांतपणे विचारलं. "पानाइयाच्या रांगेत यांचा नंबर, म्हणजे मोठेच असणार."

"चुकून गेलं तोंडातून. हा तुझाच तुकडा, घे."

"मुळीच नाही. नाव घेतलं की तुकडा त्याचा. तूच मला शिकवलंस, मी पहिल्यांदा आले तेव्हा. अदलाबदल केली की वर्ष रुसतं." असं म्हणून तिनं काट्यानं तो तुकडा उकलला. काट्याला टणक काहीतरी लागलं. चंदेरी कागदातलं नाणं.

"घ्या. पहिल्याच वर्षी. इलेक्ट्रिशियनचं नशीब जोरावर आहे."

"ट्रॉलीबस चालवायचे," कालिरोई पुटपुटली. आता लपवायला उरलंच काय होतं? एका दमात तिनं सगळं सांगितलं. चौथा मजला, एप्रिल, जेवणं, शटर, ईस्टर.

अर्गीरो उठली आणि पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली. टोमणा नाही, हसू नाही. ही बाई गप्प बसलेली कालिरोईनं एकोणचाळीस वर्षांत एकदाच पाहिली होती, फोटिसला पुरलं त्या दिवशी.

"बोल की काहीतरी," तिला रडूच फुटलं. "शिव्या दे हवं तर. पण येणं बंद करू नकोस. माझं दुसरं कोण आहे?"

अर्गीरो वळली. तिचेही डोळे भरले होते आणि त्याचा तिला चांगलाच राग आला होता.

"मूर्ख आहेस तू, वहिनी. मला बोट लागते, माहीत आहे? पिरेअस बंदरापर्यंत नऊ तास ओकत येते मी. एकदाही बोलले नाही. दादा होता तेव्हा तो जेवण झालं की घोरत पडायचा, आपण दोघी बोलत बसायचो. तो गेला, तरी मी सहा वर्षं ओकत येतेय. कुणासाठी, त्याच्या रिकाम्या खुर्चीसाठी?"

कालिरोईनं पदराला असावं तसं टेबलावरच्या रुमालाला डोळे पुसले.

"राग आलाय मला, तो याचा," अर्गीरो नाक पुसत म्हणाली, "की एप्रिलपासून तुझं बरं चाललंय आणि मी तिकडे रोज मेणबत्ती लावून तुझ्या एकटेपणासाठी रडतेय. नऊ महिन्यांच्या मेणबत्त्या फुकट घालवल्यास."

तिनं नाण्यासकट तुकड्याची ताटली उचलली आणि दार उघडून लिफ्टचं बटण दाबलं.

"चौथा ना? तू तोंड धू, मग ये. तोवर मी त्या माणसाला विचारून घेते, सोंगट्यांत तुला मुद्दाम जिंकू देतो की नाही."