माहेराविना राहिलेली बुरशी

मित्रांनो, मी यवतमाळच्या एका महाविद्यालयात, काचेच्या नळीत राहणारी जुनी हिरवी बुरशी आहे. एका बुधवारी माझ्यावर संशोधन करणाऱ्या प्राध्यापिका रत्नप्रभाबाईंनी माझी नळी उजेडात धरली आणि लेकीला म्हणाल्या, "स्पृहा, हिला माहेरी पाठवायची वेळ झाली गं."

माझे माहेर म्हणजे बोरी अरबच्या तुरीच्या शेतातली माती. बाईंनी मला तिथेच शोधले. मी ज्यात वाढते ते पाणी गाळून बाई जस्ताच्या द्रावणात ओतत. मग द्रावण दुधाळ होई आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण तयार होत. त्यात भिजवलेली सरकी जोमाने उगवे, मातीला अपायही होत नसे. पण नुसत्या गोड खाद्यावर मी आळशी बनते. म्हणून दर तीन महिन्यांनी बाई मला त्या मातीत सोडत आणि तुरीच्या मुळावरून परत आणत. ही रीत त्यांनी कुठे लिहिली नव्हती, फक्त लेकीला दाखवली होती.

"माझ्यापेक्षा हिचीच माहेरपणं जास्त!" स्पृहा हसली.

गुरुवारी सकाळी, मला माहेरी नेण्याआधीच, बाई हृदयविकाराने गेल्या.

पंधरवड्यात विभागप्रमुख चंद्रशेखर सरांनी नळीवरचे बाईंचे नाव पुसून स्वतःचे लिहिले. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. बुरशीला हात नसतात, पण तिला वाट पाहता येते. सर गोड खाद्य देत राहिले. मी पांढरीफटक पडले, माजले आणि काम सोडून दिले.

बाईंचा चष्मा न्यायला स्पृहा आली, तेव्हा सरांनी हळूच विचारले, "बाई हिला आणखी काही करायच्या का?"

स्पृहाने नळीकडे पाहिले. "मला नाही माहीत, सर."

फोटो छापून आल्यावर माघार कशी घ्यायची, म्हणून घाटंजीच्या शेतकरी मेळाव्यात सरांनी सर्वांसमोर माझे पाणी जस्ताच्या द्रावणात ओतले. अर्धा तास झाला तरी ते नितळच राहिले. पुढे बसलेल्या धुरपताबाई म्हणाल्या, "सर, हे तं पानीच हाय! आमाले कायले बोलावलं मंग?"

मांडव हसला. ते हसणे मी खतासारखे शोषून घेतले. मित्रांनो, जे सांभाळता येत नाही ते हिरावून घेऊ नका.

मागच्या रांगेतून स्पृहा उठली. आवाज न चढवता म्हणाली, "सर, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माहीत होतं. ही बुरशी माझ्या आईनं शोधली. हिला पुन्हा कामाला कसं लावायचं, ते मी इथल्या प्रत्येकाला शिकवीन. तुम्हाला नाही."