संत्र्याच्या तेलात विरघळलेली गाठ

सभागृहात बसायला जागा उरली नव्हती. मागच्या भिंतीला पाठ लावून लोक उभे होते. समोर काचेच्या वाडग्यापाशी सुगंधाचार्य डोळे मिटून उभे होते. ही पदवी त्यांना त्यांनी स्वतःच दिलेली असल्यामुळे कुणी काढून घेण्याची भीती नव्हती. टेबलावर डबीत लिंबाएवढी लालसर गाठ होती. एका रुग्णाच्या शरीरातून काढून, वाळवून जपलेली खरी कॅन्सरची गाठ, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

"हिला कुणी हात लावू नका," ते डोळे न उघडता म्हणाले. "तिच्या पेशी अजून रागात आहेत."

रबरी हातमोजा चढवून त्यांनी गाठ सुरीने चिरली. ती कुरकुरली. मग ती मोज्यालाच चिकटून बसली आणि दोनदा झटकावी लागली. "सोडत नाही बघा. हाच तिचा स्वभाव," असं आचार्यांनी म्हणताच पुढच्या रांगेने मान डोलावली. वाडग्यातल्या तेलाला संत्र्याच्या सालीचा वास येत होता. गाठ त्यात पडली, खचली, पसरली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. लाल तवंग तेवढा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी हुंदका दिला.

मधल्या रांगेतल्या पॅकिंगकाकांनी टाळी वाजवली खरी, पण त्या कुरकुरीने त्यांच्या कानात काहीतरी हललं. हा आवाज आपल्या रोजच्या ओळखीचा आहे, एवढं त्यांना जाणवलं. कुठला, ते आठवेना. शेजारी काकू डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. त्यांच्या छातीत गाठ होती आणि किमो अर्ध्यावर आला होता. काकांनी आठवायचं सोडून दिलं.

गावभर त्यांना पॅकिंगकाका म्हणत, कारण त्यांचं दुकान तेच होतं. काचसामान, आरसे, टीव्ही, कुणाचं घर हलणार असेल तर अख्खा संसार ते न फुटता पोचवत. काकूंचा आजार मात्र कशातच गुंडाळता येत नव्हता. सलाईन लागलं की पुढचे काही दिवस त्या बादलीजवळच असत. वॉर्डातल्या नर्सबाईंनी रुमालावर लव्हेंडरच्या तेलाचा थेंब टाकून हुंगायला सांगितलं होतं. काहींना बरं वाटतं, तुम्हीही बघा, पण औषध मात्र चुकवू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या. काकूंना खरंच बरं वाटलं. आणि तिथेच गडबड झाली. एक तेल ओकारी थांबवतं, तर दुसरं गाठ का नाही विरघळवणार, असा हिशोब त्यांनी मनात मांडला. विष आणि अमृत एका शरीरात नांदत नाहीत, तेव्हा किमो बंद, असा आचार्यांचा आदेश होता. किमोची एक तारीख काकूंनी चुकवलीही होती. दुसरी सोमवारी होती.

रविवारी आचार्य पुन्हा येणार होते, आणि तेलाने बरं वाटल्याचं काकूंनी चार लोकांत सांगावं अशी त्यांची इच्छा होती.

तेलाची बाटली घरी आली तशी काकांनी तिची व्यवस्था लावली. त्यांच्या घरात मौल्यवान वस्तू उघड्यावर राहत नसे. थर्मोकोलच्या ठोकळ्यात बाटलीच्या मापाचा खळगा कोरून त्यांनी ती उभी बसवली आणि कपाटात ठेवली. झाकण जरा सैल राहिलं.

सकाळी कपाट उघडलं तर बाटली आडवी होती. ठोकळ्याला आरपार भोक पडलं होतं आणि खाली चिकट, पारदर्शक थर होता. काकांनी हात जोडले.

"अगं, केवढी ताकद आहे बघ. पॅकिंगसुद्धा विरघळलं," ते मुलीला म्हणाले.

मुलगी शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि या तेलावरून घरात तिचं आणि आईचं बोलणं जवळपास बंद होतं. तिने भोकाकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबा, तुम्ही सांगितलेली ती गाठ चिरताना आवाज कसला आला होता?"

काकांनी ठोकळ्याचा एक तुकडा सुरीने कापला. कुरकुर झाली. तुकडा त्यांच्या बोटांना चिकटला. झटकला, तरी पुन्हा चिकटला. उभा जन्म त्यांनी हे झटकण्यात घालवला होता.

मुलीने समजावून सांगितलं. थर्मोकोल म्हणजे थोडंसं प्लॅस्टिक आणि त्यात कोंडलेली पुष्कळ हवा. संत्र्याच्या सालीच्या तेलात ते प्लॅस्टिक विरघळतं, हवा निघून जाते, आणि उरतो तो हा चिकटा. मग तिने फ्रिजमधून कोंबडीचा तुकडा काढून त्याच तेलात टाकला. घरातली कामं उरकली, जेवणं झाली. तुकडा होता तसाच होता, फक्त संत्र्याचा वास लागला होता.

काकू दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या.

"म्हणजे माझी गाठ आहे तिथेच आहे," त्या म्हणाल्या.

मुलीने सोमवारच्या तारखेचा कागद आईसमोर ठेवला.

रविवारी आचार्यांनी नाव पुकारल्यावर काकूंऐवजी काका उठले. घरून गाठ आणली आहे, असं म्हणत त्यांनी पिशवीतून एक लाल गोळा काढला आणि वाडग्यात टाकला. तो विरघळला. टाळ्या झाल्या. आचार्यांनी कौतुकाने विचारलं, कुणाची?

"फ्रिजच्या खोक्याचा कोपरा आहे. रंग मुलीने दिला."

टाळ्या मधेच थांबल्या. काकांनी दुसरी पुडी सोडून कोंबडीचा तुकडा तेलात सोडला आणि सावकाश घड्याळाकडे पाहत उभे राहिले. काहीच झालं नाही.

"मेलेल्या मांसावर चालत नाही ते," आचार्य म्हणाले.

"मग तुमची वाळवलेली गाठ जिवंत होती का?"

"श्रद्धेशिवाय तेल काम करत नाही."

"थर्मोकोलची श्रद्धा मोठी दिसते," काका म्हणाले. "तुमच्या डबीतली गाठ जरा माझ्या हातात द्या. वजनावरून सांगतो."

आचार्यांनी डबी उचलली आणि पिशवीत घातली. त्या दिवशीचा कार्यक्रम लवकर आटोपला.

सोमवारी काकू काकांबरोबर किमोला गेल्या. चुकलेल्या तारखेबद्दल डॉक्टर रागावले नाहीत. पुढे काय करायचं तेवढं बोलले. त्यामुळे काकूंना जास्तच अपराधी वाटलं. सलाईन लागलं तेव्हा त्यांच्या हातात लव्हेंडरचा थेंब टाकलेला रुमाल होता. त्या दिवशीही ओकारी झाली, पण आधीपेक्षा कमी. नर्सबाई म्हणाल्या, वासाचं काम वासाने करावं, औषधाचं औषधाने.

शेजारच्या खाटेवर सभागृहात पुढच्या रांगेत बसणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या उशाशी तीच संत्र्याची बाटली होती. किमोची ही शेवटचीच वेळ, पुढे तेलच, असं ते बायकोला समजावत होते. काका उठले आणि खिशातून थर्मोकोलचा एक तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"माझं ऐकू नका आणि त्यांचंही ऐकू नका. घरी जाऊन यावर एक थेंब टाका आणि एक मांसाच्या तुकड्यावर. आणि पुढच्या वेळी कुणी काही विरघळवून दाखवलं, तर टाळी वाजवायच्या आधी विचारा, विरघळलं ते काय होतं."

गृहस्थांनी तुकडा निरखून पाहिला. मग तो उशाजवळच्या बशीत ठेवायला गेले. तो बोटांना चिकटला. त्यांनी दोनदा झटकला, आणि हात तसाच ठेवून काकांकडे पाहत राहिले.