भिंतीपासून दोन हात

धोंडाबाईनं पाचवी काडी ओढून शेगडीला लावली. ज्योत उठली, निळी व्हायच्या आतच पिवळी पडली आणि विझली. पातेल्यातली डाळ अजून कच्चीच.

"नवं रेग्युलेटर म्हणता पाशामियाँ, मग हे काय?"

गॅस दुरुस्त करणाऱ्या पाशामियाँची सकाळपासूनची ही तिसरी फेरी. जुनं रेग्युलेटर गळत होतं म्हणून काढलं. नवं आणलं ते टाकीच्या तोंडाला बसेना. दुसरं आणलं, ते बसलं, तर ही तऱ्हा. उद्यापासून बारावीची परीक्षा. लातुरात शिकायला आलेल्या तीस पोरी सात वाजता धोंडाबाईच्या पंगतीला बसणार, आणि समोरच्या खाणावळीची बाई दुपारपासूनच दारात उभी राहून हसत होती. आज पंगत चुकली, की उद्या पोरी तिच्या.

"रेग्युलेटरला काय धाड भरली? नळी बघा की तुमची!" पाशामियाँही वैतागला होता. अंगणाच्या टोकाला लिंबाखाली टाकी, पत्र्याच्या ओसरीत शेगडी, मधे जोड देऊन देऊन लांबवलेली नळी. "बारा हात! गॅसला चालून चालून धाप लागून राहिली. आत एवढा झ्याक ओटा बांधलेला हाय, तिथं मांडा. सहा वर्सं कोरा ठेवला, देवाला सोडल्यावानी!"

"आत उकडतं."

"पंखा लावा."

"गॅसवर पंखा? तुमीच मेकॅनिक न्हवं?"

आत उकडतं, हेच ती सगळ्यांना सांगत आली होती. घरमालकालाही. भूकंपाचं नाव तिनं लातुरात कुणापुढं काढलं नव्हतं.

डाळीकडं बघता बघता तिचा संयम सुटला.

"न्या मग तुमीच आत! मांडा एकदाचं!"

पाशामियाँनं शेगडी उचलली, उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. शेगडी खाली ठेवून म्हणाला, "आधी माप घेतो." मग बाहेरच उभा राहून, नुसता हात आत घालून तो टेप सरकवू लागला. टेप ओट्यापर्यंत पोचेना.

"अवो, आत जावा की! मियाँ म्हणून अडवलंय का कुणी? माझं देवघर न्हाई तिथं."

त्यानं सावकाश टेप गुंडाळला.

"देवघराचं न्हाई, बाई." त्यानं मान वर केली. "वर स्लॅब हाय."

धोंडाबाईच्या हातातला डाव हातातच राहिला. तिनं विचारलं,

"गाव कोणतं?"

"होतं एक. तेरणेच्या काठाला."

वाकून तिनं शेगडीची एक बाजू धरली, त्यानं दुसरी. दोघांनी ती लिंबाकडं नेली. त्यानं नळीचे जोड काढून चांगला तुकडा तेवढा ठेवला, टाकी आणि शेगडीच्या मधे पत्रा उभा केला, वाऱ्याच्या अंगाला दुसरा. जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा उठला नाही. सहाव्या काडीला निळं फूल गोल उमललं.

सात वाजता पोरींतल्या पुनमनं आतून हाक दिली. तक्रारीत ती नेहमीच पहिली.

"मावशी, आत वाढा ना! बाहेर डास फोडून खाऊन राहिलेत."

"बाहेरच या गं!"

धोंडाबाईचे हात पिठात होते. न सांगताच पाशामियाँनं बसायची ताटपट्टी उचलली आणि कुंपणभिंतीच्या कडेनं अंथरली. धोंडाबाई ओरडणारच होती. पोरी रोज टेकायला पट्टी भिंतीला चिकटवत आणि रोज ती दूर ओढायला लावी.

पण पाशामियाँनं एकदा भिंतीकडं पाहिलं, आणि वाकून पट्टी दोन हात अलीकडं ओढली.