ताईची सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. आता रंग विटलाय, पण कारखान्यातून निघाले तेव्हा गडद निळी होते. पट्ट्यांवर दुहेरी टीप होती आणि तिचा मला भारी तोरा होता.

विद्यापीठात मला आधी ताईने वापरलं. ताई प्रथम श्रेणीत पास झाली, घरात कौतुकाला ऊत आला आणि ताईचा पायगुण माझ्यात उतरला असं समजून बाबांनी मला धाकटीकडे सोपवलं. मीही फुशारून गेले.

धाकटीला ताईच्या वरताण करायचं होतं. तिने नेहमीच्या विषयांवर आणखी दोन घेतले. मग सुरू झाली धावपळ. प्रयोगशाळेतून वर्गात, वर्गातून ग्रंथालयात. डबा तसाच घरी परत. आधी कुठला विषय हाती घ्यावा हे ठरेना, म्हणून ती रोज सगळीच पुस्तकं माझ्यात कोंबायची. सोबत असली की अभ्यास होतोय असं तिला वाटायचं. बसमध्ये एक काढायची, दोन ओळी वाचायची, की दुसऱ्या विषयाच्या धास्तीने ते पुन्हा आत. बरीच पुस्तकं नुसती फिरून येत होती. आईने विचारलं तर धाकटी म्हणायची, मजेत चाललंय. मला मात्र ती कुणाला हात लावू देत नसे.

इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. ताईनेही दुसऱ्या वर्षी एक विषय सोडला होता. त्याचं जाडजूड पुस्तक ग्रंथालयात परत करायला तिच्या पाठीवरून मीच तर गेले होते! वाटेत ती रडली होती. हे धाकटीला सांगायला मी तडफडत होते. पण सॅकला कुठलं तोंड? एक चेन असते, तीही दुसऱ्याने उघडायची.

विषय सोडायच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला. तो टळला आणि एखाद्या विषयात ती नापास झाली, तर धाकटीचं वर्ष वाया जाणार होतं. तरी ती नेहमीसारखीच निघाली. तिने मला खांद्यावर घेतलं आणि दारातच माझा उजवा पट्टा तुटला. कामावर निघालेल्या ताईने मला उचललं, तर तिचा हातच खाली गेला.

"एवढे तास आहेत आज?" ताईने विचारलं.

"नाही, एकच आहे," धाकटी म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. "ताई, मला नाही गं झेपत."

ताई आत गेली. तिने सुईदोरा आणला, माझा पट्टा मांडीवर घेतला.

"मीपण सोडला होता एक विषय," ती मान खाली घालून म्हणाली. "सगळे कौतुक करत होते, मग सांगायचं राहूनच गेलं."

"आधी सांगायचंस ना," धाकटी म्हणाली.

बाबा आतून ऐकत होते. ते बाहेर आले, माझ्यातली पुस्तकं एकेक करून काढू लागले आणि यातली कुठली दोन ठेवायची घरी, एवढंच त्यांनी विचारलं. धाकटीने दाखवली. ऑफिस बंद व्हायच्या आत दोघी बहिणी ते दोन विषय सोडायचा अर्ज द्यायला विद्यापीठात पोहोचल्या.

माझी नवी टीप वाकडीतिकडी आहे, पण पक्की आहे. तेव्हा मित्रांनो, तुमची सॅक जपा, तिच्यात नको ते कोंबू नका. आणि कधीतरी ती घरातल्या कुणाला तरी उचलून बघू द्या.